पाचांत तीन मामा

मला एका जागी बसवत नाही. बोरी बुद्रुकला माहेरी होते तेव्हापासून आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. आणि काम निवडलं ते दिवसभर खुर्चीवर बसून करायचं. लग्न होऊन अवसरी बुद्रुकला आले, प्रोग्रॅमिंगची नोकरी घरूनच चालू राहिली, आणि माझं चालणं घरातल्या घरात सुरू झालं. माडीवर लॅपटॉप, खाली दूध तापवायला, पुन्हा माडीवर, मध्येच गच्चीत. नवरा चाकणला कारखान्यात; त्याला माझ्या येरझाऱ्या सुट्टीच्या दिवशी तेवढ्या सोसाव्या लागायच्या. सासऱ्यांना त्या रोज दिसायच्या. त्यांना मी मामा म्हणते. ते काही बोलायचे नाहीत, फक्त मी जिन्यावरून उतरले की पाय आवरून घ्यायचे.

त्या पावसाळ्यात मी एक काम अंगावर ओढवून घेतलं. आमच्या गावातल्या तीसेक घरांचा एक गट आहे. उन्हाळी कांदा काढायचा, शेतातल्या बराखीत, म्हणजे कांदाचाळीत, साठवायचा आणि पुढं भाव बघून विकायचा, हे सगळेच करतात. गटानं मंचरच्या एका व्यापाऱ्याशी बोलणी केली होती की त्यानं थेट बराखीवर येऊन माल उचलायचा आणि मंचरच्या बाजारात त्या दिवशी गोळा कांद्याचा, म्हणजे मोठ्या, एकसारख्या कांद्याचा जो भाव असेल तो द्यायचा. व्यापाऱ्याचं घराणं आजोबांच्या काळात राजस्थानातून आलेलं, आता बोलण्यात आमच्याइतकंच मंचरचं. माणूस चोख. पण ‘त्या दिवसाचा भाव’ म्हणजे नेमका कुठला, यावरून दर खेपेला वाजायचं. गटातला एक जण लिलावात सगळ्यात वर गेलेला भाव धरायचा, व्यापारी सरासरीचा धरायचा, आणि तिसरा कुणीतरी पाहुण्याच्या विक्रीची पट्टी, म्हणजे पावती, खिशातून काढून दाखवायचा. एकदा तर भरलेला टेम्पो बराखीसमोर दुपारपर्यंत उभा राहिला.

गटाच्या बैठकीत मी उठून म्हटलं, हे मी सोडवते. मला कुणी विचारलं नव्हतं. पण चार तास तेच तेच ऐकून माझं डोकं उठलं होतं.

ब्लॉकचेनचं काम मी नोकरीत करतच होते. गटाला समजावलं ते असं: सगळ्यांच्या फोनवर सारखीच दिसणारी एक वही, आणि त्या वहीत आपला करार. दिवसाचा भाव आला की त्या भावानं सौदा आपोआप पक्का. अडचण एवढीच की या वहीला बाहेरचं काही दिसत नाही. मंचरला कांदा काय भावानं गेला हे तिला कुणीतरी आणून सांगावं लागतं. आणून सांगणाऱ्या या व्यवस्थेला ओरॅकल म्हणतात, आणि त्यातली धावपळ करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला ऑफ-चेन वर्कर. दर सहा सेकंदांनी वहीला नवं पान लागतं; ते लागलं की हा वर्कर उठतो, बाहेर जातो, भाव आलाय का बघतो, आला असेल तर सही करून आत नोंदवतो. मी त्याला गडी म्हणायला लागले.

“गडी कुठला?” मामांनी विचारलं.

“माझाच. लॅपटॉपमध्ये राहतो.”

“जेवन न्हाई, पगार न्हाई, आन् दर सा सेकंदाला उठतो? तुझ्यासारखाच हाय की.”

भाव आणायचा कुठून हा खरा प्रश्न होता. सरकारी संकेतस्थळावर तो संध्याकाळी यायचा, कधी यायचाच नाही. म्हणून मी माणसं घेतली. गटानं पाच जणं निवडली. बाजाराच्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या फोनवरून गोळ्याचा दहा किलोचा भाव टाकायचा. प्रत्येकामागे एक गडी. पाच आकडे चढत्या क्रमानं लावायचे आणि मधला उचलायचा. एखाद्यानं चुकीचा टाकला, मुद्दाम टाकला, तरी तो टोकाला पडतो आणि मधल्याला धक्का लागत नाही. इतकी साधी आणि सुंदर गोष्ट गावाला कळली याचा मला फार अभिमान वाटला होता.

पाचांत पहिलं नाव मामांचं. त्यावर चर्चाही झाली नाही. विकायला माल असो नसो, मामा तीस वर्षं आठवड्याचे तिन्ही बाजार करत आले आहेत. दहाला लिलाव सुरू होतो, अकरा वाजता मामांचा फोन वाजायला लागतो. “मामा, काय भाव?” एवढाच प्रश्न. मामा खुर्चीत एक पाय वर घेऊन बसतात, आकडा सांगतात, फोन ठेवतात, पुढचा घेतात. निम्मं गाव त्यांच्या आकड्यावर ठरवायचं की बराख फोडायची की थांबायचं. आमच्या घराला जो मान आहे तो जमिनीमुळं नाही. जमीन इतरांकडे जास्त आहे. तो या फोनमुळं आहे.

ओरॅकल सुरू झालं. पहिल्या तीन आठवड्यांत एकही भांडण झालं नाही. व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा, फोनवर भाव दिसायचा, माल भरला जायचा. गटाच्या अध्यक्षांनी नारळ देऊन माझा सत्कार केला. मी लॅपटॉपवर दर सहा सेकंदांनी सरकणाऱ्या ओळी बघत उभी राहायचे. सगळं सुरळीत चाललंय हे बघूनही मला स्वस्थता नव्हती. कशात तरी खोट आहे असं उगाच वाटत राहायचं. मग मी स्वतःलाच झापायचे की तुला सुख दुखतंय.

चौथ्या आठवड्यात व्यापाऱ्याचा फोन आला.

“वहिनी, तुमचं मशीन भाव कमी सांगतंय.”

“तुम्हाला कमी द्यावा लागतोय, तर तक्रार कसली?”

“माझा फायदा होतोय म्हणूनच सांगतोय. उद्या गावाला कळलं तर लबाड आम्हीच ठरणार. तुमची चूक कुणी बघणार नाही.”

मला राग आला. त्याचा नाही, प्रोग्रॅमचा. दोन दिवस मी कोड ओळ न् ओळ तपासला. सासूबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली, दोन्ही वेळा मी त्यांच्यावर खेकसले. कोडमध्ये काही सापडलं नाही. सापडलं असतं तर आनंद झाला असता, कारण कोड दुरुस्त करता येतो.

पुढच्या बाजाराला मी स्कूटी काढली आणि स्वतः मंचरला गेले. बायका तिथं कमीच. पण लिलावाच्या घोळक्यामागून फिरत मी वीसेक ढिगांचे भाव टिपून घेतले. गोळा तीनशे दहाच्या आसपास चालला होता. घरी येऊन फोन उघडला, तर आमचा भाव दोनशे ऐंशी. पाच आकड्यांत एक तीनशे पाच, एक तीनशे दहा, आणि उरलेले तिन्ही दोनशे ऐंशी. मागचे सगळे दिवस काढून बघितले. दर वेळी तेच तीन फोन, तिघांचा आकडा एकच. पाचांत तीन सारखे असले की मधला त्यांचाच निघणार, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. मला कळायला महिना लागला होता.

त्या तिघांतले एक मामा. दुसरा आमच्या मळ्याशेजारचा शेतकरी. त्याच्याकडे तशीच गेले.

“तुम्ही भाव कुठून आणता हो?”

“मामांना इचारतो.”

“पण तुम्ही स्वतः बाजारात असता ना?”

“आसतो की. पन मामांच्या पुढं जाऊन आपला आकडा टाकायचा म्हंजी बरं दिसत न्हाई. त्यांच्यापेक्षा मला लई कळतंय का?”

तिसऱ्यानंही हेच सांगितलं, वर चहा पाजला. दोघांनी लबाडी केली नव्हती, आळसही केला नव्हता. रीत पाळली होती. लबाडीवर उपाय शोधणारी शेकडो पानं मी वाचली होती. वडीलधाऱ्याच्या आकड्यापुढं आपला आकडा मागं घेणारा माणूस त्यांतल्या एकाही पानावर नव्हता.

आता उरले मामा. ते ओट्यावर बसले होते. मी उभ्या उभ्याच विचारलं.

“मामा, आज गोळा काय गेला?”

“दोनशे ऐंशी.”

“मी तिथं होते आज.”

ते दचकले नाहीत. हसले. “मग तुला म्हाईत हाय की.”

“मग कमी का सांगता?”

“बस जरा. तीनशे दहा म्हनलं की परवा समदं गाव ट्रॅक्टर भरून गेटावर. मग तोच कांदा दोनशेवर येतो. बाजार चढला की मी जरा धरून सांगतो, पडला की जरा चढवून सांगतो. मानूस हावरेपनानं बी चुकतो आन् घाबरून बी चुकतो.”

“हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुनी सांगायला लागतं व्हय?”

मी त्यांना सांगितलं की तो आकडा आता नुसता बोलण्यातला राहिलेला नाही. त्याच्यावर सौदे झालेत, गटातल्या लोकांना दर खेपेला कमी मिळालंय. मामांचा चेहरा उतरला. वर घेतलेला पाय त्यांनी खाली ठेवला.

“मला वाटलं, तुझा गडी समदं तपासून घेत आसंल.”

गडी तपासत नाही, गडी फक्त आणतो. हे मी गटाला समजावलं होतं. घरात समजावायचं राहिलं होतं.

झालेला फरक व्यापाऱ्यानं न मागता पुढच्या खेपेत भरून दिला. मी गटाला जाऊन सांगितलं की रचनेत चूक झाली, दोन जणं बदलते. त्यांच्या जागी बाजारातला एक मापाडी आणि गेटाजवळ चहाची गाडी लावणारी एक बाई घेतली. दोघांचाही आमच्या गावाशी संबंध नाही, मामांना ओळखत नाहीत. मामांना मात्र मी ठेवलं. सुनेनं सासऱ्याचं नाव काढलं असं व्हायला नको, म्हणून. शिवाय ते म्हणाले होते, “आता खरंच टाकतो.” आणि आणखी एक गोष्ट केली, तिची कबुली इथं देते: मधल्या भावापासून फार लांब असलेला आकडा बाद करायचा आणि तो सगळ्यांना लाल रंगात दाखवायचा, अशी सोय केली. कागदावर ती योग्यच होती. पण करताना मी चिडलेली होते, आणि पहिला लाल आकडा कुणाचा असणार याचा मला अंदाज होता.

पुढच्या बाजाराला भाव तीनशे तीस आला. मामांनी दोनशे नव्वद टाकला. तीस घरांतल्या फोनवर मामांचा आकडा लाल झाला.

त्याच दिवशी दुपारी शेजारच्या काकू आल्या. काकूंचे यजमान वारलेत, शेती त्या एकट्या बघतात, मोबाईल आमच्यापेक्षा चांगला वापरतात. लाल आकडा बघून त्या मागच्या वर्षाचे भाव शोधत बसल्या होत्या. ओट्यावर येऊन उभ्याच राहिल्या.

“मामा, गेल्या साली श्रावनात मी दर बाजाराला तुमाला इचारलं. तुमी म्हनले, थांब, अजून कमी हाय. त्या टायमाला चांगला भाव व्हता.”

मामा म्हणाले, “समद्यांनी एकदम भरला आसता तर पडला आसता.”

“समद्यांचं नका सांगू. माझं सांगा. दिवाळीला निम्म्या कांद्याला कोंब आले व्हते. माझी बराख फोडायची का न्हाई, हे मी ठरवायचं का तुमी?”

मी दारात उभी होते. काकूंचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, माझ्या मनात तेच होतं, आणि तरी त्यांनी ते माझ्या मामांना असं तोंडावर म्हणावं याचा मला इतका राग आला की मी आत जाऊन भांडी आदळली. हा राग कुणावर होता ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर अकरा वाजता फोन वाजेनासा झाला. लोक वाईट बोलले नाहीत. समोर भेटले की “काय मामा, बरं हाय ना?” म्हणायचे. भाव तेवढा विचारायचे नाहीत. तो स्क्रीनवर होता. मामा खुर्चीत बसायचे, फोन हातात घ्यायचे, चार्जिंग बघायचे, पुन्हा ठेवायचे. त्याच दिवसांत एका बाजाराला भाव चांगला चढला, पुढच्या बाजाराला गेटावर खूप ट्रॅक्टर लागले आणि भाव दाणकन आपटला. माझ्या आकड्यामुळं तसं झालं की आजूबाजूच्या सगळ्याच गावांनी माल काढला होता म्हणून, हे मला ठरवता आलं नाही. मामा बोलले असते तर मी भांडले असते.

मग मामांचे आकडे बरोबर यायला लागले. एकही लाल नाही. सलग कितीतरी बाजार त्यांचा आकडा मधल्या भावाशी तंतोतंत जुळत गेला, पाच रुपयांचाही फरक नाही. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, सुधारले. वडिलांना तो आण्णा म्हणतो. म्हणाला, “आण्णा सुधारत नसतात.” मला ते टोचलं. म्हणून कुणाचा आकडा कधी आला त्या वेळा काढून बघितल्या. आपल्याकडे तीन आकडे आले की मधला भाव स्क्रीनवर दिसायला लागतो. मामांचा आकडा दर वेळी त्यानंतर दोन-तीन मिनिटांत येत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना विचारलं. या वेळी बसून विचारलं.

“मामा, तुम्ही स्क्रीन बघून भाव टाकता का?”

“हां.”

“बाजारात जात नाही?”

“मंचरच्या स्टँडापतुर जातो. तिथं चा घेतो. तुझा भाव आला की टाकतो आन् माघारी येतो.”

“पण मग तुमचा आकडा कशाला हवा? तो तर माझाच आकडा मला परत मिळतो.”

“तुझा खरा आसतो ना? मग चूक व्हायची न्हाई.”

“तुम्ही बघून सांगा ना, मामा. जे दिसतं तेच.”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “न्हाई जमत, पोरी. डोळ्यानं बघितलं की तोंडातून दुसरंच निघतं. तीस वर्सं झाली. ढीग दिसला की गाव दिसतं.”

त्या दुपारी मी जिने किती वेळा चढले-उतरले कुणास ठाऊक. नियम सरळ होता. जो दुसऱ्याचं बघून सांगतो तो साक्षीदार नाही. माझ्याच नियमानं मी शेजारच्या मळ्यातल्या माणसाला काढलं होतं, आणि मामा आता अगदी तेच करत होते. ठेवलं तर ओरॅकल खोटं. काढलं तर घरात जे काही उरलं होतं तेही जाणार. मला चीड आली होती गावाची, त्या रीतीची, आणि स्वतःच्या हुशारीची तर सगळ्यात जास्त. चहाचं आधण तीनदा ठेवलं आणि तीनदा आटवलं.

संध्याकाळी मी त्यांचं नाव काढलं. त्यांच्या जागी काकूंचं घातलं. काकूंनी हे काम स्वतःहून मागितलं होतं आणि त्या खरंच बाजारात जाऊन बघणार होत्या. मामांना आधी सांगितलं. ते म्हणाले, “बरं केलंस.” एवढंच. ताटातली भाकरी मात्र अर्धी ठेवली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी ते टोपी घालून नेहमीच्या वेळेला निघाले. मी विचारलं नाही कुठं. अकरा वाजले, साडेअकरा झाले. बाराला त्यांची गाडी दारात लागली. हात-पाय धुऊन ते खुर्चीत बसले. फोन वाजणार नव्हता, ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी हातातलं काम टाकून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“मामा, आज काय भाव?”

त्यांनी वर बघितलं. चेष्टा करते की काय असं त्यांना क्षणभर वाटलं असावं. मग एक पाय हळूच खुर्चीवर घेतला.

“तीनशे वीस.”

स्वभाव जात नाही. मी आत जाऊन फोन उघडलाच. स्क्रीनवर तीनशे पन्नास होते. मामांनी तीस धरून सांगितले होते, म्हणजे इतक्या आठवड्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी बाजार बघून आले होते.